दहावीची अट आहे कुठे?



‘दहावी नापासाला सरकारी प्रशिक्षण मिळतच नाही’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे अर्धेच खरे. आयटीआयच्या बहुतेक ट्रेडना दहावी लागते, हे मान्य. पण १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिक्षणाची अटच नाही. सुतार, कुंभार, शिंपी, न्हावी, गवंडी असे १८ व्यवसाय; वय किमान १८; प्रशिक्षणात रोज ५०० रुपये भत्ता, शिवाय अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत.

अर्ज अडतो तो भलतीकडेच. लाभ कुटुंबातील एकालाच. बाप आणि त्याचा अविवाहित मुलगा दोघेही रंधा मारत असले, तरी अर्ज एकानेच करायचा! घरात कुणी सरकारी नोकर असेल, तर तोही मार्ग बंद.

नोंदणी सीएससी केंद्रावर होते. खेड्यात पहिली पडताळणी मात्र ग्रामपंचायतीत. पत्रलेखकाने आधी तिथे चौकशी करावी.

– एक वाचक