चाकांवरचे घर आणि पत्त्याचा रकाना

फेब्रुवारीत चार दिवस सासुरवाडीला जाऊन आलो. माझी सासुरवाडी सौंसरची. गोव्यात हे नाव घेतले की समोरचा हमखास विचारतो, ते कुठे आले? नागपूरहून छिंदवाड्याच्या वाटेला लागावे, महाराष्ट्राची हद्द ओलांडावी, की थोड्याच वेळात लागते ते सौंसर. राज्य मध्य प्रदेश, पाट्या हिंदी, घरातले बोलणे मात्र मराठी. आणि या दिवसांत जिथे बघाल तिथे संत्री.

या खेपेला पुण्याचे साडू आपली नवी गाडी घेऊन आले होते. ट्रॅव्हलर गाडी आतून बदलून तिचे घर केलेले. पाच माणसांचे बिछाने, दोन शेगड्यांचा ओटा, पाण्याची टाकी आणि कपाटाएवढी मोरी. महाराष्ट्र सरकारने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले तेव्हा मी ती बातमी वाचून पान उलटले होते. आता त्याच तऱ्हेच्या गाडीतून जामसावळीच्या निजलेल्या मारुतीचे दर्शन, मग पांढुर्णा, मुलताईला तापीचा उगम आणि परत, असा बेत ठरला. सासूबाई म्हणाल्या, मीही येते.

पहिल्या दहा किलोमीटरांत संसार म्हणजे काय ते कळले. वळणावर कपाट उघडले आणि तेलाची बाटली आडवी झाली. स्टीलची भांडी अशी वाजू लागली की बोललेले ऐकू येईना. कांदे बिछान्यांखाली गडगडत गेले. जामसावळीला पोचेपर्यंत अर्धी टाकी रिकामी, कारण मेहुणीने सवयीप्रमाणे नळ सोडून कपबशा विसळल्या होत्या. साडूंनी मोबाइलवर एक चलच्चित्र लावले. त्यात कोणी परदेशी बाई अशा गाडीत राहण्याच्या पन्नास युक्त्या सांगत होती. सासूबाईंनी दोन मिनिटे पाहिले आणि म्हणाल्या, "काऊन जी जावईबुवा, एवढं शिकाले हिच्यापाशी जावं लागते काय?"

मग त्यांनी सूत्रे हाती घेतली. एकात एक बसतील तेवढीच भांडी ठेवली आणि दोन भांड्यांमध्ये जुन्या साडीचा तुकडा घातला. आवाज बंद. काचेच्या बाटल्यांना जुने मोजे चढवले. तांदूळ, पीठ, पाण्याचे कॅन असे जड सामान खाली आणि दोन्ही अंगांना सारखे, पोहे-पापड वर. कांदे-लसूण जाळीच्या पिशवीत घालून टांगले. टांगलेली वस्तू हलते, पण पडत नाही. आमच्या गोव्यातल्या जुन्या स्वयंपाकघरांत शिंके असायचे ते मांजरासाठी, एवढेच मला ठाऊक होते. शिंके चालत्या घरालाही उपयोगी पडते हे तिथे कळले.

पाण्याचा हिशेब त्यांनी तांब्यावर आणला. खरकटे ताट आधी कागदाने पुसायचे, मग एका पातेल्यातल्या साबणाच्या पाण्यात घासायचे, दुसऱ्यात विसळायचे. विसळलेले पाणी पुढच्या खेपेला घासायला. मळके कपडे झाकणाच्या डब्यात पाणी आणि चिमूटभर साबण घालून ठेवले. पांढुर्ण्यापर्यंतच्या खड्ड्यांनी ते आपोआप धुऊन काढले. प्यायच्या पाण्याच्या कळशीला ओले फडके गुंडाळून ती खिडकीच्या वाऱ्याला ठेवली. फडक्यातले पाणी वाऱ्याने उडून जाते आणि जाताना कळशीतली उष्णता घेऊन जाते. दिवसा बिछान्यांच्या वळकट्या झाल्या आणि त्याच पाठीला लोड. ओल्या मोरीचा वास जायला उघड्या वाटीत खायचा सोडा. चालत्या गाडीत शेगडी पेटवायची नाही, सिलिंडर बंद. थांबल्यावर खिडकी उघडूनच चहा टाकायचा. या शेवटच्या दोन गोष्टी त्यांनी हुकूम म्हणून सांगितल्या.

वाचकहो, या युक्त्या कुठल्याही लहान घरात चालतील. मुंबईच्या धोबीतलावावर आपल्या गोंयकारांच्या कुडी होत्या. तिथे तारवटी बोटीची वाट पाहत राही. त्याच्या वाट्याची जागा म्हणजे एक ट्रंक आणि रात्री पसरण्यापुरती जमीन. त्यालाही यातले बरेचसे ठाऊक असणार. आपण मोठ्या घरांत राहायला गेलो आणि विसरलो, एवढेच.

पण मला सांगायचे आहे ते याच्या पुढचे.

त्या रात्री आम्ही पांढुर्ण्याच्या पुढे एका ढाब्याच्या आवारात मुक्काम केला. रस्त्यापलीकडे गाडी लोहारांची तीन कुटुंबे होती. लाकडी गाड्या, पुढच्या अंगाला पेटीसारखा कप्पा, आसाखाली टांगलेली भांडी, वर उलटी ठेवलेली बाज. बैल मात्र दिसले नाहीत. भाता चालू होता. पुरुषाने सांडशीत लाल लोखंड धरले होते आणि बाई घण घालत होती. हे लोक आपले मूळ चितोडचे सांगतात. 1568 साली चितोडगड पडला तेव्हा पूर्वजांनी गड परत मिळेपर्यंत छपराखाली न राहण्याची, बाजेवर न झोपण्याची शपथ घेतली, अशी त्यांची परंपरा आहे. 1955 साली पंडित नेहरूंनी त्यांना समारंभाने चितोडगडावर नेले आणि शपथ सुटल्याचे जाहीर झाले. शपथ सुटली, पण पुष्कळांना छप्पर काही मिळाले नाही.

सासूबाई विळा घ्यायला गेल्या, त्यांच्या मागे मीही. त्या गाडीत मला सकाळपासूनचे सगळे दिसले. एकात एक बसलेली भांडी, मध्ये चिंध्या. जड अवजारे तळाशी. ओल्या फडक्यातला माठ. दिवसा गुंडाळलेल्या गोधड्या. पन्नास युक्त्या, पण कोणी चलच्चित्र काढलेले नाही. घण खाली ठेवून ती बाई आमची गाडी पाहायला आली. ओटा पाहिला, टाकी पाहिली, बिछान्यावर हात फिरवला. मग हिंदीत तिने एकच गोष्ट विचारली. रात्री तुम्हाला कोणी उठवत नाही?

साडू म्हणाले, नाही बुवा. तिने मान हलवली आणि परत गेली.

आमची गाडी आणि त्यांची गाडी, दोन्ही चाकांवरची घरे. आमच्या फिरण्याला सरकारचे धोरण आहे. त्यांच्यासारख्या अनेक भटक्या जमातींच्या फिरण्याला मात्र इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का लावला. तो कायदा रद्द व्हायला 1952 साल उजाडले, आणि संशय त्यानंतरही उरला. लक्ष्मण मान्यांचे 'उपरा' 1980 साली आले, त्याला साहित्य अकादमी मिळाली, आपण सर्वांनी ते हळहळत वाचले. पुस्तक कपाटात गेले.

माझ्याकडे हळहळण्यापेक्षा जास्त काही आहे, म्हणून हे लिहितो आहे. मी सरकारी कारकून. काही वर्षांपूर्वी रस्त्याकडेला कोयते घडवणारा एक माणूस मुलाच्या दाखल्यासाठी माझ्या खिडकीशी आला होता. पत्त्याच्या रकान्यात त्याने फक्त गावाचे नाव लिहिले होते. घर क्रमांक विचारला, तर तो हसला. मी अर्ज परत केला. नियमाने बरोबरच केले, असे तेव्हा वाटले. तो पुन्हा आला नाही.

आता गंमत पाहा. माझ्या सासऱ्यांचे घर शंभर वर्षे त्याच वाड्यात आहे. ते जन्मले तेव्हा पत्ता मध्य प्रांत व वऱ्हाड होता. 1950 साली त्याचे मध्य प्रदेश झाले, राजधानी नागपूर. 1 नोव्हेंबर 1956 ला नागपूर दुसऱ्या राज्यात गेले आणि यांची राजधानी भोपाळ झाली. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा सौंसर छिंदवाड्यातून निघून त्यात आले. सासरे ओसरीवरून हलले नाहीत, पत्ताच फिरत राहिला. तरी त्यांना कोणी बेपत्ता म्हटले नाही. सरकारने दर वेळी नवा पत्ता स्वतः लिहून दिला. मग घर फिरते म्हणून माणसाला पत्ताच नाही, हे कसे?

कोणी म्हणेल, नियम कसा करणार? नियम आहे. मतदार नोंदणीत बेघर माणसाकडून निवासाचा कागद मागत नाहीत. केंद्रस्तरीय अधिकारी त्याने सांगितलेल्या जागी रात्री जाऊन पाहतो, तो खरेच तिथे झोपतो का. एकाहून अधिक रात्री जातो. झोपतो, तर तो त्याचा पत्ता. मत देण्याला जे पुरते, ते मुलाच्या दाखल्याला का पुरू नये? एवढी सोय प्रत्येक अर्जात करायला काही मोठा खर्च नाही. एक रकाना वाढेल आणि आम्हा कारकुनांना खुर्चीवरून उठावे लागेल.

त्या बाईला रात्री उठवायला जाणारे बरेच असतील. एखाद्याने नोंद करायलाही जावे.

परत आल्यावर मी तो कोयतेवाला बसायचा त्या जागी जाऊन आलो. तिथे आता दुचाक्या लावतात. सासूबाईंनी घेतलेला विळा बायकोने गोव्याला आणला आहे. धार उत्तम आहे.