छळणारा एक, हसणारे अनेक

शाळेत मुलं एकमेकांना का छळतात, हा विषय निघाला की आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. एक, ‘मुलं आहेत, चालायचंच.’ दुसरं, ‘आपण मुसलमान आहोत म्हणून.’ मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात.

वर्गातला दांडगट मुलगा स्वतःच्या समाजातल्या मुलालाही सोडत नाही. कुणी जाड असतो, कुणी अडखळत बोलतो, कुणाचा गणवेश जुना असतो. तिथं धर्माचा किंवा प्रांताचा संबंध नसतो. हवा असतो तो वर्गातला दबदबा. तेरा-चौदाव्या वर्षी घरच्या शाबासकीपेक्षा मागच्या बाकावरून येणाऱ्या हशाला जास्त किंमत असते.

मग ‘पाकिस्तानी’ म्हणून चिडवताना वेगळं काय घडतं? हेतू बहुतेक वेळा तोच असतो. पण इथं शब्द शोधावा लागत नाही. तो घरच्या गप्पांतून, टीव्हीवरच्या चर्चेतून, व्हॉट्सॲपवरून आयता मिळतो. त्याच्याबरोबर एक समजही मिळतो, की मोठ्यांना यात काही वावगं वाटत नाही.

ही मोकळीक किती पुढे जाऊ शकते, हे ऑगस्ट 2023 मध्ये देशानं पाहिलं. उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यात एका शिक्षिकेनं दुसरीतल्या मुस्लिम मुलाला वर्गमित्रांकडून थपडा मारायला लावल्या. तुषार गांधी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं राज्य सरकारला खडसावलं. थपडा मारणारी ती मुलंही सात-आठ वर्षांचीच होती. द्वेष त्यांनी दप्तरातून आणला नव्हता, तो त्यांच्याकडून करवून घेतला गेला.

फिनलंडमधल्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी 1996 साली सहकाऱ्यांसह एक महत्त्वाची गोष्ट मांडली. छळ हा फक्त दोघांमधला मामला नसतो. साथ देणारे, हसून चढवणारे, गप्प बघणारे आणि पाठीशी उभे राहणारे, अशा भूमिका सगळा वर्ग वाटून घेतो. याच विचारावर उभा राहिलेला ‘किवा’ हा कार्यक्रम 2009 पासून तिथल्या शाळांमध्ये देशभर राबवला गेला. त्याचा भर बघ्यांवर आहे. हशा थांबला की दबदबाही ओसरतो.

आता थोडं आपल्याबद्दल. ‘पाकिस्तानी’ ऐकून आपल्याला जी कळ येते, तीच ‘भैया’ ऐकताना बिहारहून आलेल्या मजुराच्या मुलाला येते. त्याच्या बोलण्याची नक्कल करणाऱ्यांत आपली मुलंही असतात. छळ सोसला म्हणून माणूस आपोआप न्यायी होत नाही. सूरह हुजुरातच्या 11व्या आयतीत एका समूहानं दुसऱ्याची टवाळी करू नये, टोपणनावं ठेवू नयेत, अशी स्पष्ट ताकीद आहे. हजरत अबू जर यांनी एका माणसाला त्याच्या गैरअरब आईवरून हिणवलं, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सुनावलं, की तुमच्यात अजून जाहिलियत उरली आहे. सहाबीलाही सूट मिळाली नाही, तिथं आपली काय कथा?

आणखी एक. पोरगं रडत घरी आलं की वडीलधारी सांगतात, ‘सब्र कर, दुर्लक्ष कर.’ मला हे पटत नाही. सब्र म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणं नव्हे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई करतं. काय घडलं ते तारखेसह लिहून मुख्याध्यापकांना द्या, शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवा. गरज पडली तर 1098 ही चाइल्ड हेल्पलाइन आहे.

पण अर्ज करण्याआधीचं काम तुमच्याच हातात आहे. पुढच्या वेळी वर्गात कुणाच्या नावावर, बोलीवर, दाढी-टोपीवर किंवा गावावर विनोद होईल, तेव्हा हसू नका. मधल्या सुट्टीत डबा घेऊन त्या मुलाशेजारी जाऊन बसा, मग तो कुठल्याही धर्माचा, कुठल्याही राज्यातून आलेला असो.