‘गॉसिप’ हा शब्द कोणी बिघडवला?

‘गॉसिप’ हा शब्द आता परका राहिलेला नाही. सिनेमाच्या पुरवण्यांतून तो आमच्या ओटीवर आला आणि तेथून चर्चच्या आवारातही शिरला. रविवारची मिस्सा आटोपल्यावर चार स्त्रिया घटकाभर एकत्र उभ्या राहिल्या, की ‘यांचे गॉसिप सुरू झाले’ असे कोणीतरी हसत म्हणतो. पाच पावलांवर पुरुषांचाही घोळका असतो. तेथे जमिनीचे भाव, निवडणूक आणि शेजाऱ्याचे कर्ज यांचा काथ्याकूट चाललेला असतो. पण त्याला ‘चर्चा’ म्हणण्याचा प्रघात आहे. जिभेच्या पापावरील प्रवचनातही उदाहरण बहुधा स्त्रीचेच येते आणि बाकांवरून हशा पिकतो. या हशाला आमचा आक्षेप आहे. कारण हा शब्द ख्रिस्तसभेच्या अंगणात, स्नानसंस्काराच्या कुंडापाशी जन्मला. त्याची जी दशा झाली तिचा ठपका ज्यांच्यावर ठेवला जातो, त्या खऱ्या अपराधी नाहीत, असे आम्हांला सप्रमाण मांडावयाचे आहे.

प्रथम एक भाकडकथा बाजूला सारू या. जुन्या काळी इंग्लंडमधील पुढारी आपल्या माणसांना दारूच्या गुत्त्यावर पाठवीत आणि ‘जा, घोटभर घ्या आणि लोक काय बोलतात ते ऐकून या’ असे सांगत. त्या ‘गो सिप’ या आज्ञेवरून ‘गॉसिप’ शब्द आला, अशी कथा पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. ती ऐकावयास गमतीची असली तरी निखालस खोटी आहे. मूळ शब्द जुन्या इंग्रजीतला ‘गॉडसिब’. ‘गॉड’ म्हणजे देव आणि ‘सिब’ म्हणजे आप्तसंबंध, सोयरीक. देवाच्या साक्षीने जडलेला सोयरा तो गॉडसिब. पुढे बोलण्याच्या ओघात मधला ‘ड’ गळाला, शेवटच्या ‘ब’चा ‘प’ झाला आणि ‘गॉसिप’ हे रूप रूढ झाले. भावंडासाठी आज वापरला जाणारा ‘सिब्लिंग’ हा शब्दही याच ‘सिब’च्या कुळातला. विशेष म्हणजे जुन्या इंग्रजीत ‘सिब’ या शब्दाचे दोन अर्थ होते: एक नाते आणि दुसरा शांती. जेथे सोयरीक तेथे सलोखा, ही समजूत त्या एका शब्दात सामावली होती. आज त्याच शब्दाचा वंशज घराघरांत कलह लावणाऱ्या बोलण्याचे नाव झाला आहे.

हा धर्मसोयरा म्हणजे कोण? मुलाच्या स्नानसंस्काराच्या वेळी त्याच्या वतीने श्रद्धेची कबुली देणारा धर्मपिता किंवा धर्ममाता. मात्र ‘गॉडसिब’ या शब्दाचा रोख केवळ मुलाकडे नव्हता. मुलाचे जन्मदाते आणि धर्ममातापिता हेही त्या संस्काराने एकमेकांचे आप्त होत. दोन घरे जोडली जात. यॉर्कचा आर्चबिशप वुल्फस्टन याने १०१४ साली, डेन लोकांच्या स्वाऱ्यांनी देश होरपळत असताना, इंग्रजांना उद्देशून एक जळजळीत प्रवचन रचले. राष्ट्राच्या पातकांचा पाढा वाचताना त्याने धर्मसोयऱ्यांच्या आणि धर्मलेकरांच्या हत्येचाही त्यात समावेश केला. हे नाते रक्ताच्या नात्याइतकेच पवित्र मानले जात होते, याची ही साक्ष आहे.

ख्रिस्ती जगताने या नात्याला कायद्याचेही कवच दिले होते. सम्राट जस्टिनियनने ५३० साली धर्मपित्याने आपल्या धर्मकन्येशी विवाह करण्यास मनाई केली. पुढील शतकांत ही मनाई पसरत गेली आणि मुलाचे आईबाप व धर्ममातापिता यांच्यातील विवाहही निषिद्ध ठरला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस कवी चॉसर याने रंगविलेला धर्मगुरूही हे बजावतो, की नाते दोन प्रकारचे असते, शरीराचे आणि आत्म्याचे. आणि दोन्हींची मर्यादा सारखीच पाळावयाची. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली धर्ममातापित्यांची संख्या एका किंवा फार तर दोघांवर आणली, या नात्याची व्याप्ती आवरली. परंतु नाते कायम ठेवले.

तेव्हा हा शब्द स्त्रियांपुरता होता काय? मुळीच नाही. राजकन्या एलिझाबेथ ७ सप्टेंबर १५३३ रोजी जन्मली आणि तिसऱ्या दिवशी तिचा स्नानसंस्कार झाला. तिचा धर्मपिता होता कँटरबरीचा आर्चबिशप क्रॅन्मर. नॉरफोकची वृद्ध डचेस आणि डॉर्सेटची मार्शनेस या धर्ममाता. १६१३ साली रंगभूमीवर आलेल्या ‘आठवा हेन्री’ या नाटकात राजा याच मंडळींना ‘गॉसिप्स’ म्हणून आदराने संबोधतो. आर्चबिशपला भर दरबारात ‘गॉसिप’ म्हणावे आणि त्यात कोणाला उपहास दिसू नये, असा तो काळ होता.

मग शब्द घसरला कोठे? पहिली पायरी निर्दोष होती. धर्मसोयरा हा जिवलग असतोच. म्हणून ‘गॉसिप’चा अर्थ जवळचा मित्र, जिवाभावाची मैत्रीण असा पसरला. दुसरी पायरी बाळंतपणाच्या खोलीत आहे आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. त्या काळच्या इंग्लंडमध्ये बाळंतपण सर्वस्वी स्त्रियांच्या हाती असे. वेणा सुरू झाल्या की सुईण येई आणि तिच्यामागोमाग शेजारच्या, नात्यातल्या अनुभवी स्त्रिया येत. खोलीतल्या या स्त्रियांनाही ‘गॉसिप्स’ म्हणत. खिडक्या झाकल्या जात, दाराच्या फटी बुजवल्या जात, शेगडी पेटे आणि बाळंतिणीसाठी ‘कॉडल’ नावाचे गरम मसालेदार पेय तयार होई. नवऱ्याला आत मज्जाव होता. अर्भक दगावेल अशी भीती वाटली तर सुईणच त्याला स्नानसंस्कार देई. त्यासाठी धर्मगुरूंनी लोकांना संस्काराचे शब्द शिकवून ठेवावेत, असा दंडक होता. मूल जगले तर थोड्याच दिवसांत याच स्त्रिया त्याला चर्चमध्ये घेऊन जात. आई अजून अंथरुणावर असे.

या खोलीत स्त्रिया बोलत नव्हत्या काय? बोलत होत्याच. रात्र रात्र जागून, मृत्यूशी झुंजणाऱ्या एका जिवाचा हात हाती धरून त्या बोलत होत्या. कोणाचे मूल कसे वाचले, कोणते औषध लागू पडले, कोणाचा नवरा मारतो, कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही, हे सारे त्या खोलीत बोलले जात असणार. संकटातल्या बाईला कोणाचा आधार मिळेल, हे अशा बोलण्यातूनच कळते. पण हे बोलणे दाराबाहेरच्या पुरुषाला ऐकू येत नव्हते, आणि जे ऐकू येत नाही त्याविषयी मनुष्य वाईटच कल्पितो. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ‘गॉसिप’ म्हणजे पोकळ गप्पा मारीत हिंडणारी बाई, असा अर्थ डोकावू लागला. डॉक्टर जॉन्सन यांच्या १७५५च्या कोशात तीन अर्थ शेजारी शेजारी बसलेले दिसतात: स्नानसंस्काराच्या वेळी मुलासाठी उत्तर देणारा, पेयपानातला सोबती आणि बाळंतघरातल्या बायांसारखी बडबड करीत फिरणारी व्यक्ती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तर माणूसही त्यातून निघून गेला आणि नुसती बडबड उरली.

या अर्थबदलामागे स्त्रीविषयीची तुच्छता होती, असे आम्ही म्हणतो तेव्हा काही मंडळी कपाळाला आठ्या घालतील. त्यांनी फ्रेंच भाषेकडे पाहावे. तेथे याच नात्याला दोन शब्द आहेत: पुरुषासाठी ‘कोंपेर’ आणि स्त्रीसाठी ‘कोमेर’. नाते एक, संस्कार एक. पुढे ‘कोंपेर’ सोबती झाला, क्वचित लबाडीतला साथीदार. पण ‘कोमेर’ मात्र चहाडखोर बाई झाली आणि तिच्यावरून ‘कोमेराझ’ म्हणजे कुचाळकी हा शब्द निघाला. स्पॅनिशमध्येही ‘कोमाद्रे’वरून बायकांच्या रिकाम्या गप्पांचा शब्द तयार झाला. दोष जिभेचा असता तर दोघांचीही गत सारखी झाली असती.

तुच्छता केवळ शब्दांत थांबली नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत स्कॉटलंड व इंग्लंडच्या काही गावांत ‘तोंडाळ’ ठरवलेल्या बाईच्या डोक्यावर लोखंडी सांगाडा चढवीत. त्याची पट्टी तोंडात घालून जीभ दाबून धरीत आणि तिची गावातून धिंड काढीत. घोड्याच्या लगामावरूनच त्याला नाव मिळाले होते. टेम्स नदीकाठच्या वॉल्टन गावी असा एक लगाम, १६३३ हे साल कोरलेला, चर्चमध्ये जपून ठेवला होता. ज्या कुंडापाशी गॉसिप मुलाला घेऊन उभी राहिली, त्याच छपराखाली तिच्या जिभेसाठी लगामही टांगला गेला!

येथे कोणी विचारील, चहाडी हे पाप नाही काय? आहे, आणि ते घोर आहे. संत याकोबाने आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिभेला रानाला लागणाऱ्या आगीची उपमा दिली आहे, ती उगाच नव्हे. एका अफवेने मोडलेले विवाह आणि दुरावलेले भाऊ प्रत्येक धर्मग्रामात आहेत. पण हे पाप स्त्रियांचे आहे, असे याकोब म्हणत नाही. त्याचा तो अध्याय सुरू होतो तो शिकवणाऱ्यांना सावध करूनच. २२ डिसेंबर २०१४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी पंधरा आध्यात्मिक रोगांची यादी वाचली आणि त्यांत चहाडी-कुजबुजीचा रोग गणला. श्रोते कोण होते? रोमच्या धर्मकारभारातले कार्डिनल आणि बिशप! जिभेचा रोग झग्यालाही लागतो आणि धोतरालाही. आमच्या मराठीत ‘पारावरच्या गप्पा’ आणि ‘चकाट्या पिटणे’ हे शब्दप्रयोग काही बायकांना पाहून सुचलेले नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक सोज्वळ आहे. ‘शब्दांचे अर्थ बदलतच असतात, हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजांच्या एका शब्दासाठी एवढा आटापिटा कशाला?’ आमचे उत्तर असे की शब्द इंग्रजांचा असला तरी नाते आमचे आहे. आणि शब्द जसा पोकळ झाला तसेच ते नातेही आमच्या डोळ्यांदेखत पोकळ होत आहे. ज्या नात्यातून जबाबदारी निघून जाते, त्यात नुसते बोलणे उरते. इंग्रजी शब्दाच्या इतिहासातून आम्ही हाच धडा घेतो.

आज धर्मपिता कसा निवडला जातो ते पाहा. गळ्यातली साखळी कोण देईल? परदेशातला मामा या सुट्टीत येणार आहे काय? धंद्यातल्या कोणत्या भागीदाराचा मान राखावयाचा आहे? असे प्रश्न आधी सुटतात. श्रद्धेचा प्रश्न शेवटी येतो, किंवा येतच नाही. संस्काराच्या दिवशी मेणबत्ती हाती धरलेले छायाचित्र निघते, पाकीट दिले जाते, जेवणावळ उठते. पुढे मूल दहा वर्षांचे होते तरी धर्मपित्याला त्याच्या स्नानसंस्काराची तारीख सांगता येत नाही. दोन घरांत वितुष्ट आले तर हाच धर्मसोयरा एका बाजूला उभा राहून दुसऱ्याची उणीदुणी काढतो. गॉडसिबचे गॉसिप होते ते असे.

ख्रिस्तसभेची अपेक्षा काय आहे? १९८३च्या धर्मनियमसंहितेतील ८७२ ते ८७४ हे नियम स्पष्ट आहेत. धर्मपिता एक, किंवा धर्ममाता एक, किंवा दोघे मिळून एक जोडी. वय साधारणपणे सोळा वर्षे पूर्ण. दृढीकरण झालेले आणि ख्रिस्तप्रसाद स्वीकारलेला कॅथलिक. श्रद्धेला आणि पत्करलेल्या जबाबदारीला साजेसे जीवन. स्वतःचे आईबाप चालत नाहीत. यांत साखळीचा उल्लेख कोठेही नाही. याच संहितेने लॅटिन ख्रिस्तसभेतून या नात्याचा विवाहनिषेध काढून टाकला. पौर्वात्य ख्रिस्तसभांच्या १९९०च्या संहितेत तो अजूनही आहे. निषेध उठला म्हणजे नाते उठले, असा सोयीस्कर अर्थ आम्ही काढला की काय, अशी शंका येते. कायद्याचे कुंपण निघाल्यावर नात्याची राखण आमच्या सदसद्विवेकावर आली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून आमचे मागणे दुहेरी आहे. आईबापांनी धर्ममातापिता निवडताना एकच प्रश्न विचारावा: उद्या आम्ही नसलो किंवा चुकलो, तर हा मनुष्य आमच्या लेकराला प्रार्थनेला बसवील काय? धर्मग्रामांनीही स्नानसंस्कारापूर्वीच्या तयारीत धर्ममातापित्यांना नुसते हजेरीला न बोलावता दोन्ही कुटुंबांना समोरासमोर बसवावे. आणि व्यासपीठावरून बोलणाऱ्यांनी स्त्रियांच्या जिभेवरचा तो जुना विनोद आता पुरता मिटवून टाकावा. बाळंतिणीच्या उशाशी आजही स्त्रियाच जागतात. कोणत्या घरी दुखणे आहे, कोणत्या घरी डबा पोहोचवावयाचा आहे, हे त्यांच्या बोलण्यातूनच धर्मग्रामाला कळते.

विनोद करण्यापूर्वी लूकच्या शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय उघडून पाहावा. रिकाम्या कबरेवरून मग्दालिया मारिया, योहान्ना, याकोबाची आई मारिया आणि इतर स्त्रिया धावत आल्या आणि त्यांनी पाहिलेले सांगितले. प्रेषितांना ती बायकांची निरर्थक बडबड वाटली आणि त्यांनी विश्वास ठेवला नाही. ज्या वार्तेवर आमची सारी श्रद्धा उभी आहे, ती प्रथम ‘गॉसिप’ म्हणूनच झिडकारली गेली होती.