चिंतेची गोळी सुरू होते; थांबवायची कोणी?

पनवेल : मधुमेह, हृदयविकार किंवा श्वसनविकाराने वर्षानुवर्षे ग्रासलेल्या रुग्णाला चिंता आणि निद्रानाशही छळतात. अल्प्राझोलाम, डायझेपामसारख्या गोळ्यांनी थोड्याच वेळात आराम पडतो. हा आराम खरा असतो. तो नाकारणे क्रूरपणाचे ठरेल. मात्र काही आठवड्यांतच शरीर या औषधांना सरावू शकते आणि मूळ आजार आयुष्यभराचा असल्याने गोळीही चालूच राहते.

ही औषधे 'शेड्यूल एच-१' मध्ये आहेत. मार्च २०१४ पासून विक्रेत्याला डॉक्टर व रुग्णाचे नाव स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपावी लागते. नियम चांगला आहे. पण तो विक्रीवर नजर ठेवतो, कालावधीवर नाही. पनवेलचा रुग्ण तज्ज्ञाकडे मुंबईला किंवा कामोठ्याला जातो आणि पुढची चिठ्ठी घराजवळच्या डॉक्टरांकडून घेतो. एकाने सुरू केलेली गोळी थांबवण्याचा अधिकार आपला नाही, असे दुसऱ्याला वाटणे स्वाभाविक आहे. खरी मेख इथेच आहे.

वृद्धांमध्ये पडण्याचा, तर फुफ्फुसाच्या जुनाट विकारात श्वास मंदावण्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये अवलंबित्वाबाबतचा इशारा वेष्टनपत्रकात ठळक चौकटीत छापण्यास सांगितले. मात्र घाबरून गोळी एकदम बंद करणे त्याहून घातक. त्यातून झटके येऊ शकतात. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळूच उतरवावी लागते. त्यामुळे पहिल्याच चिठ्ठीवर फेरतपासणीची तारीख आणि ती करणाऱ्या डॉक्टरांचे नाव असणे गरजेचे आहे.