औषध हरते ते कुठे?

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेले, की प्रतापगडाला वळसा घालून रस्ता महाबळेश्वरला पोचतो. तिथे लिंगमळ्याचा धबधबा पाहायला आपण सारेच जातो. पण १८६० च्या दशकात सरकारने तिथे सिंकोनाची झाडे लावून पाहिली होती, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. सिंकोनाच्या सालीतून कोयनेल, म्हणजे क्विनाइन, निघते. हिवतापावर त्या काळी तेवढेच खात्रीचे औषध होते. निलगिरीत ही लागवड साधली, महाबळेश्वरी फसली.

पुढे कोयनेलची जागा क्लोरोक्विनने घेतली. १९७३ मध्ये आसामात घातक हिवताप, म्हणजे फाल्सिपेरम, त्यालाही दाद देईनासा झाला. आज भिस्त आहे ती आर्टेमिसिनिनवर. चीनच्या तू योयो यांना त्यासाठी २०१५ चे नोबेल मिळाले. पण आधी कंबोडियात आणि मग आफ्रिकेत, रवांडा-युगांडात, हे औषधही मंदावल्याचे दिसून आले. २०३० पर्यंत हिवताप हद्दपार करू म्हणणाऱ्या आपल्या देशाने ही बातमी परक्याची समजू नये.

औषध हरते म्हणजे नेमके काय होते? परजीवीच्या पेशीतली कामे एन्झाइम नावाची प्रथिने करतात. औषध अशा एखाद्या एन्झाइमच्या खाचेत जाऊन बसते आणि काम थांबवते. खाचेचा आकार बदलला, की औषध बसत नाही. कुलूप बदलल्यावर जुनी किल्ली काय कामाची? आपल्याकडे २०१० मध्ये फाल्सिपेरमसाठी आर्टेसुनेटबरोबर सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन द्यायचे ठरले. ईशान्येकडे या जोडगोळ्यांच्या एन्झाइमांत असेच बदल साठले, आणि २०१३ मध्ये तिथल्यापुरते औषध बदलावे लागले.

दुसरा प्रकार अधिक विलक्षण आहे. परजीवीच्या पेशीत एक छोटी कोठडी असते. तिथे एक एन्झाइम आणि फेरेडॉक्सिन नावाचे लोहयुक्त प्रथिन इलेक्ट्रॉनची देवघेव करतात. आर्टेमिसिनिनला दाद न देणाऱ्या आग्नेय आशियातल्या परजीवींत या फेरेडॉक्सिनची एकच कडी बदललेली आढळली. जपानी संशोधकांनी ते प्रथिन प्रयोगशाळेत तपासले. वाटेल की बदलाने पकड सैल झाली असेल. झाले उलटेच! पकड घट्ट झाली आणि पुढच्या एन्झाइमला इलेक्ट्रॉन पोचवणे मंदावले.

माझी नोकरी बँकेत गेली, म्हणून मला हे पटकन उमगले. रोखपालाने नोटांचे बंडल पुढे करावे आणि घेणाऱ्याने त्याचा हातच धरून ठेवावा, तर रांग पुढे कशी सरकणार? चिकटणे म्हणजे काम करणे नव्हे. या अडलेल्या व्यवहाराचा औषधाच्या परिणामाशी संबंध असावा, असा संशोधकांचा कयास आहे. मुख्य दोष केल्च नावाच्या दुसऱ्याच प्रथिनात असतो. फेरेडॉक्सिनमधला बदल त्याच्या जोडीने आढळतो. म्हणजे परजीवी एका उडीत जिंकत नाही. लहान लहान बदलांची पुंजी साठवत तो पुढे सरकतो.

ही पुंजी साठू द्यायची की नाही, हे काही अंशी आपल्या हाती आहे. पावसाळ्यात मुंबईहून महाड-पोलादपूरला आलेला चाकरमानी थंडीतापाने फणफणतो. रक्त तपासायचे राहून जाते, दुकानातून गोळ्या येतात, ताप उतरला की उरलेल्या फळीवर जातात. अर्धवट मात्रेत दुबळे परजीवी मरतात आणि चिवट तेवढे उरतात. मग डास त्यांनाच पुढच्या घरी पोचवतो.

सिंकोना फसला तो हवामानामुळे, असे म्हणून सुटता येईल. आजची औषधे फसली, तर ती सबब पुरणार नाही. म्हणून ताप आला की आधी रक्ततपासणी, आणि हिवताप निघाला तर सांगितलेली शेवटची गोळीसुद्धा घ्यायची. आपल्या घरापुरता एवढा हिशेब चोख ठेवला तरी पुष्कळ झाले.