किल्ली कोणाच्या कमरेला?

ज्या घरांत तिजोरीची किल्ली कोठें आहे हें कोणासच ठाऊक नसतें, त्या घरास आपण अव्यवस्थित म्हणतों. परंतु दुकानाच्या संकेतस्थळाविषयीं हाच प्रश्न विचारला असतां भले व्यवहारदक्ष गृहस्थही ‘तें सर्व पुतण्या पाहतो’ असें सांगून मोकळे होतात. आमच्या सोलापुरी चादरीस २००५-०६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. चादरी, टॉवेल, कडक भाकरी व शेंगाचटणी यांची मागणी आतां संकेतस्थळावरूनही येते. तेव्हां संकेतस्थळ ही केवळ शोभेची पाटी नव्हे. त्यांत पेढीची पत गुंतलेली आहे. म्हणून त्याच्या कुलुपांचा विचार या महिन्यांत आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

हीं कुलुपें एक नव्हे, तीन असतात. संकेतस्थळाचें नांव, म्हणजे डोमेन, जेथें नोंदविलें तें खातें पहिलें. त्यांतील मजकूर व चित्रें ज्या कंपनीच्या संगणकावर भाड्यानें ठेविलीं तें होस्टिंगचें खातें दुसरें. या दोहोंचीं पत्रें ज्या ई-मेलवर येतात तें तिसरें. पहिल्या दोहोंचे परवलीचे शब्द, म्हणजे पासवर्ड, लोक मोठ्या कसोशीनें रचितात आणि तिसऱ्याची हेळसांड करितात. परंतु ‘शब्द विसरलों’ असें कळविल्यावर नवा शब्द ठरविण्याचें पत्र बहुधा त्या तिसऱ्याच ठिकाणीं येतें. सबब ज्याच्या हातीं तो ई-मेल, त्याच्या हातीं सर्व. महाद्वारास अडसर आणि परसदार सताड उघडें, अशांतलाच हा प्रकार!

हें भय काल्पनिक नाहीं. २२ नोव्हेंबर २०२१ रोजीं गोडॅडी या अमेरिकन कंपनीनें जाहीर केलें कीं, परक्या हातीं पडलेल्या एका परवलीच्या शब्दाच्या बळावर कोणी तिच्या वर्डप्रेस-होस्टिंगच्या व्यवस्थेंत ६ सप्टेंबरपासून शिरला होता. बारा लक्षांपर्यंत ग्राहकांचे ई-मेल-पत्ते व ग्राहक-क्रमांक त्यामुळें उघडे पडले. असे पत्ते हातीं आले कीं खोटीं पत्रें धाडणें सोपें होतें. आणि एकच शब्द चार ठिकाणीं वापरणाऱ्याचीं चारही दारें एकदम उघडतात. म्हणून प्रत्येक खात्यास वेगळा व लांब शब्द असावा. दर महिन्यास तो बदलण्याची मात्र आवश्यकता नाहीं. अमेरिकेच्या एन.आय.एस.टी. या सरकारी मानक-संस्थेनेंही २०१७ सालीं अशी मुदतबंद सक्ती करूं नये असेंच सांगितलें. शब्द फुटल्याचा पुरावा मिळतांच मात्र तो बदलावा.

परंतु चोरापेक्षांही विस्मरण आणि वियोग यांनीं होणारी हानि आम्हांस अधिक दारुण वाटते. संकेतस्थळ रचणारा मुलगा नोकरीनिमित्त परगांवीं जातो. त्याचा जुना मोबाइल-क्रमांक बंद पडून कालांतरानें दुसऱ्यास मिळतो. किंवा घरचा कर्ता पुरुष अकस्मात् जातो, आणि दुःखांत बुडालेल्या गृहिणीस दुकानाचें नांवही आपल्या हातीं राहिलें नाहीं असें कळतें. कंपनी खातेदाराच्या नांवाचा पुरावा मागते, आणि खातें तर भलत्याच्याच नांवें असतें! कित्येकांनीं खात्यासाठीं दिलेला ई-मेल त्याच डोमेनवरचा असतो. डोमेनची मुदत सरली कीं तो ई-मेलही बंद, आणि सुटकेचें पत्र येणार कोठें? किल्ली आंत ठेवून दार ओढून घ्यावें, तशी ही गत होते.

यास उपाय साधे आहेत. तिन्ही खातीं पेढीच्या अथवा मालकाच्या नांवें असावींत. ई-मेल डोमेनवेगळा व मोबाइल-क्रमांक चालू असावा. दुहेरी पडताळणी सुरू करावी; तिच्याबरोबर मिळणारे संकटकाळचे संकेतांक कागदावर उतरून घराच्या दस्तऐवजांत ठेवावेत आणि ते कोठें आहेत हें पतिपत्नी दोघांसही ठाऊक असावें. फोनवर कोणी कितीही गोड बोलला तरी ओटीपी सांगूं नये. फसवणुकीनें पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी.

लक्ष्मीपूजनास आपण वह्यांची पूजा करितों. त्याच दिवशीं हीं तीन खातीं एकदां उघडून पाहण्याचा परिपाठ घरोघरीं पडावा. गृहिणींनींही ‘हें आमचें काम नव्हे’ असें न म्हणतां त्या वेळीं शेजारीं बसावें, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. पिढ्यान्‌पिढ्या मिळविलेलें नांव एका विसरलेल्या शब्दापायीं जाऊं देणें शहाण्या घरास शोभत नाहीं.