जाहिरात : करमणुकीची व कामाची

गेल्या हंगामात एका पंपविक्रेत्याची गाडी कर्णा लावून आमच्या भागात गावोगाव फिरली. गाणे मोठे गमतीचे होते. पोरेटोरे ते दोन महिने गुणगुणत होती. पुढे आठवड्याच्या बाजारात आम्ही सहज काही बागायतदारांस विचारले की, तो पंप कोणत्या कारखान्याचा? एकासही नाव सांगता आले नाही. पंप किती खोलीवरून पाणी उपसतो, बिघडल्यास दुरुस्ती कोठे होते, हे तर गाण्यात नव्हतेच. जाहिरातीचा खर्च अखेर मालाच्या किमतीतूनच निघावयाचा. म्हणजे या तमाशाचे तिकीट शेतकऱ्यानेच काढले म्हणावयाचे! आता तर आपल्यापैकी कित्येकजण आपला आंबा, बेदाणा, गूळ स्वतःच्या नावाने विकू लागले आहेत. सबब हा प्रश्न आपल्या घरचाच झाला आहे.

आमच्या मते जाहिरातीचे काम एकच. गिऱ्हाईकाच्या मनातील खरी गरज किंवा खरी शंका हेरावी, आणि तिचे उत्तर आपल्या मालाच्या नावाशी घट्ट बांधावे. कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ च्या सुमारास बेळगावास लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी लोकांची समजूत होती. पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली. ही शंका कोणत्याही विनोदाने गेली नसती. नांगराचे काम शेतात डोळ्यांनी पाहिल्यावरच ती जाणारी होती. पुढे १९२० साली किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक काढले, ते मुळात कारखान्याची व त्याच्या मालाची माहिती लोकांस व्हावी म्हणूनच.

येथे कोणी म्हणेल की, लोकांना हसविले तर बिघडले काय? काहीच नाही; मात्र हसू मालातूनच निघाले पाहिजे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात १९९३ साली दूध-व्यावसायिकांच्या मंडळाने एक जाहिरात काढली. एका गृहस्थास दूरध्वनीवरून दहा हजार डॉलर बक्षिसाचा प्रश्न येतो. उत्तर त्याच्या जिभेवर आहे. पण तोंडात शेंगदाण्याचे लोणी लावलेला पाव चिकटलेला, आणि दुधाचा डबा रिकामा! बिचाऱ्यास शब्द फुटत नाही व बक्षीस हुकते. शेवटी एवढाच प्रश्न : घरी दूध आहे ना? पाहणारा हसला, पण हसता हसता घरातील दूध संपत तर आले नाही ना, हे त्याच्या मनात आले. आरंभी त्या प्रांतातील दुधाच्या खपाची घसरण थांबलीही.

पुढे हेच वाक्य देशभर पसरले. नामांकित नटनट्या व खेळाडू ओठांवर दुधाची मिशी उमटवून चित्रांत झळकू लागले. जाहिरात सर्वतोमुखी झाली. तथापि त्या देशात माणशी दूध पिण्याचे प्रमाण उतरतच गेले. लोकांचे बाहेर खाणे वाढले होते, बाटलीतील गोड पेये व पाणी यांनी दुधाची जागा घेतली होती. प्रसिद्ध चेहऱ्यांपाशी त्यावर उपाय नव्हता. २०१४ साली देशपातळीवरील मंडळाने ते वाक्य बाजूस ठेवले. कीर्ती म्हणजे खप नव्हे, हा धडा यातून घेण्याजोगा आहे.

आपल्या वाचकांस आम्ही एक सोपी कसोटी सुचवितो. जाहिरातीतील मालाचे नाव हाताने झाकावे. तोच विनोद पंपास, साबणास व चहासही चालत असेल, तर त्यावर पैसा घालू नये. त्यापेक्षा माल कोणत्या कामाचा, प्रत कोणती, वजन व भाव काय, कोठे मिळेल आणि खराब निघाल्यास भरपाई कोण देईल, हे चार ओळींत लिहावे. मग हवे तर एक गमतीचे चित्र घालावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, लिहिलेले खरे असावे. पेटीच्या वरच्या थरात मोठे आंबे व खाली बारीक, असा माल पाठविणाऱ्यास उत्तम जाहिरातीने एकदाच गिऱ्हाईक मिळेल. दुसऱ्या वर्षी ते गिऱ्हाईक स्वतः तर येणार नाहीच, शिवाय शेजाऱ्यालाही येऊ देणार नाही. आणि त्याचा तोटा एकट्या त्या बागायतदारास न होता आपल्या साऱ्या भागाच्या नावास होईल.